यंदा अंगणात थाळनेर करा: १८१८ च्या हल्ल्याचा दिवाळी किल्ला, मातीपासून तोफांपर्यंत

दिवाळीची सुट्टी लागली की पोरं मोबाईलवर बघून रायगड नाहीतर प्रतापगड करायला घेतात, चांगलंच आहे, पण भाऊ आपण राहतो शिरपूर, अमळनेर, चोपडा, धुळे या पट्ट्यात आणि आपल्या शेजारी तापीच्या काठावर थाळनेर आहे, फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी अजून तिथं उभ्या आहेत, आणि त्याच थाळनेरच्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांच्या हल्ल्यात जे घडलं त्याची चर्चा थेट लंडनच्या पार्लमेंटात झाली, तरी तो किल्ला अंगणात कोणी करत नाही. का, तर डोंगर नाही, कडा नाही, दिसायला "भारी" नाही. म्हणून हे लिहितोय. जागा साधारण सहा बाय सहा फूट लागेल, ओटा चालेल, धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, करू नका कारण वजन फार होतं.

आधी गोष्ट नीट माहीत पाहिजे नाहीतर बघायला आलेल्या काकांनी एक प्रश्न विचारला की पोरं गप्प. महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ ला इंदूरच्या होळकरांचा इंग्रजांकडून पराभव झाला, त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याच लष्करातल्या लोकांनी दरबाराचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना मारलं होतं, म्हंजे दरबारात काय चाललं होतं बघा. गादीवर मल्हारराव, वय अकरा-बाराच्या आसपास. मग ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेला होळकरांचं जे काही होतं ते ईस्ट इंडिया कंपनीकडं, म्हणजे इंग्रजांकडं गेलं, त्यात आपलं थाळनेर पण गेलं. पण कागदावर गेलं. किल्ल्यात किल्लेदार तुळशीराम मामा आणि त्याची अरब शिबंदी, म्हणजे पगारी शिपाई, तशीच बसून होती. इंग्रजांचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप माळव्यातून फौज घेऊन सेंधव्याच्या घाटानं खाली उतरला, वाटेतला सेंधवा किल्ला मुकाट्यानं मिळाला, त्यामुळं थाळनेर पण असंच मिळेल असं त्याला वाटलं असणार, तर किल्ल्यातून गोळ्या सुटल्या. किल्लेदाराला निरोप गेला की तहाप्रमाणे किल्ला आमचा, लढलास तर बंडखोर समजू. तरी गोळीबार थांबला नाही.

आता कामाला लागू. सगळ्यात पहिल्यांदा स्केल ठरवा, हे कोणीच करत नाही आणि मग बुरुजापेक्षा मावळा मोठा दिसतो. त्या वेळच्या इंग्रजी वर्णनात थाळनेरचा तट बाहेरच्या खोलगट भागापासून जवळपास ६० फूट उंच सांगितलाय. आपण उंचीला १ इंच म्हणजे ५ फूट धरू, म्हणजे तट बरोबर १ फूट उंच. पण हेच प्रमाण आडवं लावलं तर अंगण पुरणार नाही, कारण किल्ल्याच्या तीन बाजूंनी जो खोलगट पट्टा होता तो १०० ते १५० यार्ड रुंद, म्हणजे ३०० ते ४५० फूट. म्हणून आडव्याला १ इंच म्हणजे २० फूट धरा, तो पट्टा १५ ते २२ इंचात बसतो. उंची चौपट ताणलेली दिसेल, दिसू द्या, बघणाऱ्याला उंचीच कळायला पाहिजे. मधल्या किल्ल्याला अडीच बाय दोन फूट ठेवा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, थाळनेरला पाण्याचा खंदक नव्हता. पोरं सवयीनं खंदक खणतात आणि त्यात पाणी सोडतात, ते इथं करायचं नाही. एका बाजूला तापी, किल्ला नदीतूनच वर आल्यासारखा उभा, आणि बाकी तीन बाजूंना तो कोरडा खोलगट पट्टा, त्याच्या पलीकडं घळी आणि छोट्या टेकड्या. या घळी मुद्दाम करा, चमच्यानं ओरखडे काढले तरी चालतील, कारण हल्ला करणाऱ्याला आडोसा तिथंच मिळतो, गावाच्या घरांचा पण मिळतो. म्हणजे किल्ला बांधणाऱ्यानं तट भक्कम केला पण समोरचं मैदान साफ ठेवलं नाही.

माती

काळी माती एकटी वापरू नका, वाळली की एवढ्या भेगा पडतात की किल्ला नाही, दुष्काळातलं शेत वाटतं. काळी एक पाटी, तापीची किंवा नाल्याची वाळू एक पाटी, दोन मुठी बारीक भुसा आणि थोडं शेण, हे रात्रभर भिजवून सकाळी पायानं तुडवा, कळण्याच्या भाकरीचं पीठ मळतो तितकी घट्ट झाली की झालं. धाब्यावर टाकतात ती खारी माती मिळाली तर वरच्या हाताला वापरा, रंग फिकट येतो आणि जुना तट वाटतो. आतला गाभा मातीचा करायची गरज नाही, विटांचे तुकडे रचा, त्यावर जुनं गोणपाट ओलं करून गुंडाळा आणि वरून दोन बोटं जाड माती लिंपा. एकाच दिवसात सगळी जाडी चढवली तर रात्रीतून खाली सरकते, दोन हात द्या, मध्ये एक दिवस ऊन खाऊ द्या. भेगा पडतीलच, त्यात पातळ चिखल भरा, कपड्यानं पुसा. रात्री पोतं झाकून ठेवा कारण कुत्रं बुरुजावरच झोपतं.

थाळनेरचा आतला भाग तटाच्या उंचीएवढाच भरीव होता, म्हणजे बाहेरून ६० फूट पण आतून भिंत दिसतच नाही, आत उभं राहिलं तर जमीन तटाच्या माथ्यालाच लागते. त्यामुळं तुम्ही पोकळ डब्यासारखा किल्ला करू नका, वरपर्यंत भरून घ्या, फक्त कडेला फांजी (तटावरची चालायची वाट) आणि चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) काढा. आता भरीव तटाचा फायदा काय हे पोरांना विचारा. तोफेचा गोळा लागला तरी मागं मातीच माती, खिंडार पडत नाही. आणि हिस्लॉपनं ज्या तोफा लावल्या त्या ६ पौंडी दहा आणि सोबत दोन हॉवित्झर, म्हणजे आखूड तोफा, ६ पौंडी म्हणजे गोळा जेमतेम पावणेतीन किलोचा, त्यानं असला तट फुटत नाही. मग त्यानं काय केलं, दरवाजा धरला. सगळ्या हल्ल्याची किल्ली इथं आहे आणि तुमच्या मॉडेलची पण, बाकी सगळं घाईत केलं तरी चालेल पण दरवाजाला वेळ द्या.

दरवाजे, एकामागे एक पाच

आत जायची वाट एकच, पूर्वेच्या अंगाला, आणि त्यावर पाच दरवाजे एकामागोमाग एक, मध्ये वळणं वळणं, आडव्या भिंती, आणि वाट चढत जाणारी, कुठं उतार कुठं पायऱ्या. प्रत्येक दरवाजाभोवतीची भिंत आधीच्यापेक्षा उंच होत होत शेवटी मुख्य तटाला मिळते. आपल्याला १ फूट चढायचंय पाच दरवाजांत, म्हणजे प्रत्येक टप्प्याला अडीच इंचापेक्षा थोडं कमी. हा भाग किल्ल्यावर बसून करता येत नाही, हात जात नाही आत. वेगळ्या प्लायवूडच्या तुकड्यावर किंवा जाड पुठ्ठ्यावर आधी करून वाळवा आणि मग किल्ल्याच्या पूर्व बाजूला बसवून सांध्याला माती लावा. भिंतींसाठी थर्माकोल वापरतात लोकं, मला नाही आवडत, वाऱ्यानं उडतो आणि रंग धरत नाही, त्यापेक्षा आइस्क्रीमच्या काड्या उभ्या रोवून त्यावर माती. बाहेरच्या बाजूची एक भिंत काढता येईल अशी ठेवा म्हणजे बघणाऱ्याला आतली वळणं दिसतील, नाहीतर तुमची सगळी मेहनत भिंतीआड.

दरवाजे असे ठेवा. पहिला मोडलेला, तोफांनी खिळखिळा केलेला, फळ्या तिरक्या लावा, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये माणूस घुसेल एवढी फट. हल्ला करणारे तिथूनच आत शिरले. दुसरा उघडा, तिथं कोणी अडवलंच नाही. तिसऱ्यापाशी किल्लेदार स्वतः काही व्यापारी लोकांना घेऊन बाहेर आला आणि शरण आला, म्हणजे तिथं चार-पाच साध्या पागोट्याच्या बाहुल्या, हातात शस्त्र नाही. चौथा उघडा. आणि पाचवा बंद, फक्त त्यातली दिंडी, म्हणजे दरवाजातलं छोटं दार, उघडी.

ही दिंडी कापून काढा, उंची एक इंचापेक्षा थोडी कमी, म्हणजे आपल्या स्केलनं साडेचार फूट, माणसाला वाकूनच जावं लागतं. वाकलेला माणूस तलवार चालवू शकत नाही, एका वेळी एकच आत जातो, मागच्याला पुढचं दिसत नाही. सगळं थाळनेर प्रकरण या साडेचार फुटांत झालंय म्हटलं तरी चालेल. झालं असं की आत अरब होते, ते अटी मागत होते, बाहेर इंग्रज समजत होते की किल्लेदार शरण आला म्हणजे किल्ला आपला, एकमेकांची भाषा दोघांना धड येत नाही. मेजर गॉर्डन, कर्नल मॅकग्रेगर मरे आणि दोन-तीन ग्रेनेडिअर (निवडक शिपाई) त्या दिंडीतून आत गेले. आतल्यांनी त्यांच्यावर तलवारी आणि जंबिये (वाकडे खंजीर) चालवले, गॉर्डन तिथंच मेला, अजून एक कॅप्टन मेला, मरे जबर जखमी. मग बाहेरच्यांनी दिंडीतून गोळ्या झाडल्या, दरवाजा फोडून आत घुसले आणि किल्ल्यातली साधारण ३०० माणसं कापून काढली. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी मिळून पंचविसाच्या आसपास. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला एका बुरुजावर फाशी दिली.

शरण आलेल्या माणसाला फाशी का, हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला. हिस्लॉपचं म्हणणं तहानंतर लढला म्हणजे बंडखोर, दगा दिला म्हणून. पण दगा त्यानं दिला की आतल्या शिबंदीनं त्याचं ऐकलंच नाही, का गोंधळात झालं, हे त्या संध्याकाळी कोणी तपासलं? १८१९ मध्ये पार्लमेंटात फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरवर बोट ठेवलंच गेलं. माझं मत विचाराल तर हा सरळ सरळ सूड होता, दोन ऑफिसर गेल्याचा.

म्हणून मांडणी करताना कोणता क्षण दाखवायचा ते आधी ठरवा. पोरांना फाशीची बाहुली लटकवायची असते, नको. मेलेल्या ३०० माणसांचा लाल रंग पण नको. मी म्हणेन दिंडीचा क्षण दाखवा: बाहेर लाल कोटवाल्यांची रांग वळणावळणानं खाली पहिल्या दरवाजापर्यंत उभी, एकजण वाकून अर्धा आत, आणि आत अरब गोळा झालेले. पुढं काय झालं ते चिठ्ठीवर लिहा. बघणारा स्वतः वाकून त्या दिंडीतून बघतो, तेवढं पुरतं.

माणसं. बाजारातले मावळे घ्यायचे नाहीत, एक तर ते शिवकाळातले, दुसरं ते चार इंचाचे, आपल्या स्केलनं वीस फुटी राक्षस. सव्वा इंचाची माणसं करा, आगपेटीच्या काडीवर मातीचं अंग, वाळल्यावर पोस्टर कलर. गोऱ्या पलटणी, म्हणजे रॉयल स्कॉट्स आणि मद्रास युरोपियन रेजिमेंट, लाल कोट पांढरी पँट. कंपनीचे हिंदी शिपाई पण लाल कोटातच. तोफखानेवाले निळे. अरबांना मोठं पागोटं, कमरेला जंबिया आणि हातात लांब, तोड्याची (पेटत्या वातीनं उडणारी) बंदूक, बंदुकीला झाडूची काडी बेस्ट. आणि पोरांना हे जरूर सांगा की इंग्रजांकडच्या फौजेत बहुतेक माणसं आपल्याच देशातली होती आणि होळकरांच्या किल्ल्यात लढणारे अरब समुद्रापलीकडून पगारावर आलेले, त्यामुळं "आपले" आणि "ते" अशी सरळ रेघ इथं ओढता येत नाही.

तोफा संपलेल्या स्केचपेनच्या नळीच्या, सव्वा इंच लांब, चाकं शर्टच्या बटणांची. हॉवित्झर आखूड आणि जाड, तोंड वर. त्या सगळ्या पूर्वेच्या अंगाला घळींच्या आडोशानं मांडा, दरवाजाकडं तोंड करून, चारी बाजूंनी वेढा दाखवू नका. आठवडाभराचा वेढा नव्हता हा, एका दिवसाचा मामला.

रंग आणि झाडं. इथं सगळे चुकतात कारण दिवाळी किल्ला म्हटलं की हाळीव पेरून हिरवागार करायची सवय. थाळनेर फेब्रुवारीच्या शेवटी पडलं, तेव्हा आपल्याकडं काय असतं, गवत वाळलेलं, नाले कोरडे, निंबाची पानं गळतायत. हाळीव फक्त नदीच्या कडेला बोटभर पट्ट्यात पेरा, चार-पाच दिवस आधी भिजवून, बाकी सगळीकडं गव्हाचं काड बारीक कापून टाका, बाभळीच्या काट्याच्या डहाळ्या झाडं म्हणून रोवा. त्याच्या आधीची १५ वर्षं खान्देशानं १८०३-०४ चा दुष्काळ, फौजांची लूट, पेंढारी असं सगळं भोगलेलं, गावंच्या गावं ओस पडलेली, म्हणून गावात दोन-तीन घरं पडकी दाखवली तर बरोबरच आहे. तापीसाठी खड्डा करून पाणी भरू नका, जमीन पिऊन टाकते आणि तटाचा पाया सुटतो. निळा प्लास्टिक कागद, त्यावर कडेनं वाळू, झालं.

आता महाराजांची मूर्ती कुठं ठेवायची, हे प्रत्येक घरात विचारतात. आमच्याकडं म्हाताऱ्यानं बघितल्या बघितल्या विचारलं, "आरे पोऱ्या, हाई काय करी ऱ्हायना तू, महाराज कोठे शेतस?" प्रश्न रास्त आहे. १८१८ च्या किल्ल्यात सिंहासन मांडणं बरोबर नाही आणि पडणाऱ्या किल्ल्यात तर नाहीच नाही. शेजारी पाट मांडून, त्यावर स्वच्छ कापड, महाराज मानानं वेगळे ठेवा, समोर पणती. किल्ल्यात इंग्रज कशाला ठेवले म्हणून कोणी भांडायला आलं तर शांतपणे दिंडी दाखवा.

चिठ्ठ्या लांबलचक लिहू नका, कोणी वाचत नाही. दरवाजांना १ ते ५ आकडे, तोफांजवळ "६ पौंडी, १० नग", नदीजवळ "तापी", आणि एका मोठ्या पुठ्ठ्यावर तारखा: महिदपूर २१ डिसेंबर १८१७, मंदसौर तह ६ जानेवारी १८१८, थाळनेर २७ फेब्रुवारी १८१८. जमलं तर सुट्टीत एकदा पोरांना थाळनेरला नेऊन आणा, किल्ला आता फारसा उरला नाही, बराच ढासळलाय, पण नदीच्या बाजूनं बघितलं की उंचीचा अंदाज येतो, काठावर जपून, माती सुटते पायाखाली.

आणि ज्यांच्याकडं सपाट गच्ची आहे, उंच चढवायचं नाही, त्यांनी मालेगाव करावं. ते तेव्हा खान्देशातच मोडायचं, नाशिक जिल्ह्यात १८६९ ला गेलं. नारो शंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला भुईकोट, मोसम नदीच्या काठी, आतला किल्ला चौकोनी, एक बाजू १२० यार्ड, म्हणजे आपल्या आडव्या स्केलनं बरोबर दीड फूट. चार कोपऱ्यांना गोल बुरूज आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध एकेक, बाहेरून दुहेरी तट आणि खंदक, इथं मात्र खंदक करा मनसोक्त. इथली गंमत वेगळी, थाळनेर एका दिवसात पडलं तर मालेगावच्या अरबांनी इंग्रजांच्या लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलला त्याच वर्षी मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तंगवलं. त्र्यंबक, राजदेहेर असे डोंगरावरचे अवघड किल्ले घेऊन तो आला होता आणि अडकला सपाटीवरच्या किल्ल्यापाशी. पहिल्याच रात्री मोर्चे, म्हणजे हल्ल्यासाठीचे चर, खणताना त्याचा मुख्य इंजिनिअर मेला, २९ मेचा हल्ला फसला, मग अहमदनगरहून कुमक आणि जड तोफा आल्या, ११ जूनला गोळा किल्ल्यातल्या दारूखान्यावर पडून स्फोट झाला आणि तट उडून खंदकात आला. १४ जूनला किल्ला ताब्यात. इंग्रजांची दोनशेवर माणसं मेली-जखमी झाली, थाळनेरच्या आठपट.

दारूखाना आला की पोरांच्या डोळ्यासमोर सुतळी बॉम्बच येतो, मला माहितीये. मातीत पुरलेला सुतळी बॉम्ब विटेचा तुकडा डोळ्यापर्यंत उडवतो, अजिबात नाही म्हणजे नाही. त्यापेक्षा त्या बाजूच्या तटात तीन इंच रुंद जागेत माती न लिंपता नुसते सुटे विटांचे तुकडे रचा, खालच्या तुकड्याला सुतळी बांधून बाहेर काढा, पाहुणे जमले की ओढा, तट खंदकात कोसळतो, टाळ्या मिळतात, आणि दुसऱ्या पाहुण्यांसाठी परत रचता येतो. आवाज पाहिजेच असेल तर एकानं लांब गल्लीत लवंगी लावायची आणि दुसऱ्यानं त्याच वेळी सुतळी ओढायची, टायमिंग जमायला दोन-तीनदा प्रॅक्टिस करा. आणि खंदकात आधीच थोडी राख टाकून ठेवा, तुकडे पडले की धूळ उठते, फोटो मस्त येतो.